एकच पॅकिंग हातात असतं तेव्हा

मोटारीच्या इंजिनात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त सोसणारा भाग कुठला, असं कुणी विचारलं तर मी हेड गास्केटचं नाव घेईन. आमच्या गॅरेजच्या बोलीत पॅकिंग. खाली ब्लॉक, वर हेड आणि मधे हा दीडेक मिलिमीटरचा पत्रा. त्याच्या एका भोकात पेट्रोलचा भडका होतो, ज्याचं तापमान दोन हजार अंशांच्या घरात जातं. तिथून बोटभर अंतरावर रेडिएटरचं पाणी वाहतं आणि त्याला लागूनच ऑइल. या तिघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. फियाटसारख्या गाडीत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. म्हणजे इंजिन गरम झालं की हेड ब्लॉकवर किंचित सरकतं, थंड झालं की मागं येतं, आणि ही ओढाताण वर्षानुवर्षं पॅकिंगच्या अंगावर होते.

माझं आयुष्य हेडं उतरवण्यात आणि चढवण्यात गेलं. आधी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात, नंतर वाईला, पसरणी घाटाच्या पायथ्याशी. पॅकिंग दुकानात हवं तेव्हा मिळत होतं तोवर मी काम भरपूर केलं. ते मिळेनासं झालं तेव्हा काम शिकलो. ते कसं, हे लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी गॅरेजात लागलो तेव्हा मुंबईत काळीपिवळी टॅक्सी म्हणजे फियाटच. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात तयार होणारी ती गाडी, आधी फियाट अकराशे आणि पुढं पद्मिनी. चार सिलिंडर, १०८९ सीसी, बोअर ६८ मिलिमीटर. टॅक्सी उभी राहिली की मालकाचा धंदा बुडतो, त्यामुळे आमच्याकडं सगळा हिशेब तासांचा. सकाळी हेड उतरलं की संध्याकाळी गाडी रस्त्यावर गेलीच पाहिजे. पॅकिंगची काळजी कुणालाच नव्हती. ऑपेरा हाऊसकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत फियाटची पॅकिंगं खिळ्याला लटकलेली असायची. हेल्पर पोरगा जाऊन घेऊन यायचा. नीट बसलं नाही, पाणी झिरपायला लागलं, तर परत उघडा आणि दुसरं टाका. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

तिथले उस्ताद चिपळूणकडचे. शाळा कमी झालेली आणि बोलणं त्याहून कमी. त्यांची एक सवय मला सुरुवातीला कळायची नाही. बाकीचे मेकॅनिक जुनं पॅकिंग खरवडून कचऱ्यात टाकायचे. उस्ताद ते अख्खं निघेल असं बघायचे, वर्तमानपत्रावर पसरायचे आणि चहा संपेपर्यंत त्याच्याकडं बघत बसायचे. मी एकदा विचारलं, “उस्ताद, नवीन आलंय की. जुन्यात काय बघताय?” ते म्हणाले, “नवं मुकं असतं रे. बोलतं ते जुनं.”

मग त्यांनी मला बोटानं दाखवायला सुरुवात केली. दोन नंबर आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर काळा ओरखडा आहे, तांब्याची कड जळून गेली आहे, म्हणजे भडका इकडून तिकडं जात होता. मधले सिलिंडर दोन्ही बाजूंनी तापतात, म्हणून उडायचं तर बहुतेक वेळा तिथंच उडतं. पाण्याच्या भोकाभोवती तांबूस ओघळ आहे, म्हणजे हेडचं ॲल्युमिनियम त्या जागी पाण्यानं खाल्लंय. कितीही नवी पॅकिंगं टाका, तिथं धरणार नाही. एक टोक चेपलेलं आणि दुसरं जवळजवळ नव्याइतकं जाड, म्हणजे हेड वाकलंय किंवा कुणीतरी बोल्ट सारखे आवळलेले नाहीत. सगळीकडं सारखं चेपलेलं असूनही सिलिंडरची कड फुटली असेल तर टायमिंग फार पुढं ठेवून गाडी ठोके देत चालवलेली आहे.

हे सगळं ते पाच मिनिटांत वाचायचे, आणि मग मालकाला नेमकं सांगायचे की रेडिएटर काढावा लागेल, किंवा हेड सपाट करायला, म्हणजे फेसिंगला, पाठवावं लागेल. मालक कुरकुरायचा. पण उस्तादांनी बांधलेलं इंजिन त्याच दुखण्यासाठी परत आलेलं मी पाहिलं नाही. पॅकिंग उडतं ते शेवटी. त्याआधी कुठंतरी दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं, हा धडा मला तिथं मिळाला. त्याची किंमत मात्र पुढं वाईला आल्यावर कळली.

वाई ते पाचगणी अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण तेवढ्यात जवळजवळ सहाशे मीटर चढ. मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसं महाबळेश्वरला निघायची. गाडीत पाच-सहा जण, टपावर सामान, दुपारचं ऊन, आणि दुसऱ्या गिअरवर रांगत चढणारी फियाट. पसरणी घाटाच्या वळणावळणांवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे तेव्हाचं नेहमीचं दृश्य. बाजूला बाटली नाहीतर कळशी घेतलेला कुणीतरी. हीच ती वेळ, जिथं साध्या दुखण्याचं मोठं दुखणं होतं. तापून लाल झालेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेड एका जागी एकदम आकसतं आणि बाकीचं तापलेलंच राहतं. ॲल्युमिनियम वाकतं, कधी व्हॉल्व्हच्या सीटजवळ तडा जातो. अर्धा तास सावलीत थांबलं असतं तर नुसत्या पाण्यावर भागलं असतं, अशा कितीतरी गाड्या दोरीला बांधून माझ्या दारात आल्या.

त्यातली एक लक्षात राहिली आहे. मुंबईचं कुटुंब, हॉटेलचं आगाऊ बुकिंग, मुलं रडकुंडीला आलेली. गाडीचे मालक म्हणाले, “मिस्त्री, पॅकिंग टाका आणि सोडा आम्हाला. बाकीचं मुंबईला गेल्यावर बघू.” ऑइलचं झाकण उघडलं तर आत पांढरट साय जमलेली. पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं. प्लग काढले. दोन प्लग काळसर, दोन धुतल्यासारखे स्वच्छ. पॅकिंग दोन-तीनच्या मधे गेलं होतं यात शंका नव्हती. पण रेडिएटरच्या जाळीत किडे आणि चिखल बसून निम्मी जाळी बंद झाली होती, फॅनबेल्ट हातानं दाबला तर ढिला, आणि रेडिएटरच्या टोपणाचं रबर फाटलेलं. टोपण नीट बसलं तर आत दाब राहतो आणि पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. दाब गेला की उलटं होतं. पाचगणीच्या उंचीवर उघडं पाणी साधारण ९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे गाडी जितकी वर चढणार तितकी लवकर उकळणार. एका फाटक्या रबरानं त्यांचं इंजिन गेलं होतं.

मी त्यांना सांगितलं की नुसतं पॅकिंग मी टाकणार नाही. ते रागावले, मुक्काम वाईत करावा लागला, पण रेडिएटर धुऊन, बेल्ट आणि टोपण बदलून, हेड साताऱ्याहून फेसिंग करून आणल्यावरच गाडी सोडली. त्या उन्हाळ्यापासून मी गॅरेजात नियमच केला. गाडी का तापली याचं उत्तर मिळाल्याशिवाय हेडच्या बोल्टला पाना लावायचा नाही. काही गिऱ्हाइकं यामुळे पुढच्या गॅरेजात गेली, आणि त्यातली काही दोरीला बांधून परतही आली. एक गोष्ट तर दर दोन गाड्यांमागे सापडायची: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, काढून फेकलेला. थर्मोस्टॅट नसला की गाडी थंड चालते, असा समज आपल्याकडं घट्ट बसलाय. सपाट रस्त्यावर काटा खाली दिसतो हे खरं. पण इंजिन त्यामुळे योग्य तापमानाला येतच नाही, ऑइलमध्ये ओल साठते, आणि रेडिएटर चोंदत चाललाय हे चढ लागेपर्यंत कळत नाही.

इथवर पॅकिंग मिळण्याची अडचण नव्हती. पुण्याच्या नाना पेठेत फियाटचं मिळायचंच, ॲम्बॅसडरचंही. अडचण आली ती नव्वदच्या दशकात, एका छोट्या गाडीमुळे.

साताऱ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी ती आणली. त्यांचे वडील खेड्यापाड्यांत फिरणारे डॉक्टर होते आणि ही त्यांची गाडी: फियाट ५०० सी, जिला टोपोलिनो म्हणतात. शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात फियाटच्या जुळणीला १९५१ मध्ये याच गाडीपासून सुरुवात केली. इंजिन ५६९ सीसी, सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास अवघा ५२ मिलिमीटर. दोन माणसांची गाडी. तिचा रेडिएटर पुढं नसून इंजिनाच्या मागं, वरच्या अंगाला असतो, आणि तिला वॉटर पंप नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं, रेडिएटरमध्ये निवून खाली येतं, आणि तेवढ्यावर इंजिन थंड राहतं.

गुरुजी म्हणाले, “मिस्त्री, घाई काहीच नाही. पण ही चालू झाली पाहिजे.” इतक्या वर्षांत घाई नाही असं म्हणणारं ते पहिलं गिऱ्हाईक.

तापून बंद पडलेली ती गाडी वर्षानुवर्षं उभीच होती. हेड जागचं हलेना. बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते आणि हेड ब्लॉकला घट्ट पकडून बसतं. अशा वेळी फटीत स्क्रूड्रायव्हर घालून ठोकायचा मोह होतो. ॲल्युमिनियम मऊ, त्यावर चर पडला की हेड कामातून गेलं. उस्तादांकडून शिकलेला उपाय केला. पुशरॉड काढून सगळे व्हॉल्व्ह बंद केले, प्लगच्या भोकातून सुती दोरी आत भरली आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवलं. पिस्टन वर येतो, दोरी चेपते आणि हेडला आतून सारखा रेटा बसतो. दोन दिवस सांध्यात रॉकेल सोडून ठेवलं होतं, त्याचाही उपयोग झाला. हेड सुटलं. पॅकिंग मात्र एका बाजूला ब्लॉकला आणि एका बाजूला हेडला चिकटून फाटलं.

त्यानंतर शोध सुरू झाला. नाना पेठेतल्या दुकानदारांनी गाडीचं नाव ऐकून मान हलवली. ऑपेरा हाऊसला एका म्हाताऱ्या शेटजींना गाडी आठवली, पण माल नव्हता. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्या तोडणाऱ्यांकडं गेलो, पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. एकाकडं खरोखरच टोपोलिनोचं म्हणून कागदात गुंडाळलेलं पॅकिंग निघालं. उघडून बघितलं तर ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या जुन्या मॉडेलचं. त्या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी असतात, त्यामुळे पॅकिंगची भोकंही लांबट आणि पसरट. आमच्या इंजिनात व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. विकणारा म्हणाला, “थोडं कापून घ्या, चालून जाईल.” चालून जाईल हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आलोय. टॅक्सीच्या गॅरेजात कदाचित घेऊनही बघितलं असतं, कारण दुसरं पॅकिंग खिळ्याला होतं. इथं दुसरं नव्हतं. आणि गुरुजींच्या त्या हेडला दुसऱ्यांदा तापायची ताकद नव्हती.

तेव्हा ठरवलं की पॅकिंग तांब्याचं करायचं. अख्ख्या तांब्याच्या पत्र्याचं पॅकिंग शर्यतीच्या इंजिनांत वापरतात हे वाचलं होतं. पण पत्रा आणला, कापून बघितला, तर तो ताठ. हेड आवळलं तरी बारीकसारीक खळग्यांत बसणार नाही असा. पुण्यात कसबा पेठेला तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळापासून तिथं तांब्या-पितळेची भांडी घडवतात. तिथल्या एका काकांकडं गेलो. ते पातेल्यावर माठारकाम करत होते, एकसारख्या ठोक्यांनी तांब्यावर गोल गोल खुणा उमटत होत्या. माझी अडचण ऐकून त्यांनी पत्रा हातात घेतला, अंगठ्यानं वाकवून बघितला आणि म्हणाले, “हा गिरणीतनं लाटून आलाय. ताव दिला नाही तर मऊ कसा होणार?”

त्यांनी पत्रा निखाऱ्यावर धरला आणि भाता मारला. तांब्याचा रंग आधी मावळला, मग जांभळट झाला, मग काळवंडला, आणि त्या काळ्यातून आतून मंद लाली यायला लागली. “एवढंच. पिवळं होऊ द्यायचं नाही,” म्हणून त्यांनी तो पाण्यात सोडला. माझं आयुष्य लोखंडात गेलेलं. तापवून पाण्यात बुडवलं की पोलाद कडक होतं हे मला माहीत. तांबं मात्र मऊच राहतं. पाण्यामुळे फक्त वरची काळी खपली झडते. उरलेला काळेपणा काकांनी चिंचेच्या कोळानं आणि मिठानं घासून काढला आणि पत्रा माझ्या हातात दिला. मघाशी ताठ असलेला तोच पत्रा आता बोटांनी सहज वळत होता. काका म्हणाले, “ठोकलं की कडक, तापवलं की मऊ. म्हणून सगळं ठोकून-कापून झाल्यावर शेवटचा ताव द्यायचा.” मेकॅनिक म्हणून मला कुणी शिकवलं नसतं ते त्यांनी भांड्यांच्या दुकानात शिकवलं.

मग काम रीतसर घेतलं. फाटलेल्या पॅकिंगचे तुकडे कागदावर जुळवले. जळलेला भाग अंदाजानं न भरता, हेडला निळा मार्किंगचा रंग लावून जाड कागदावर त्याचा ठसा घेतला आणि ब्लॉकच्या ठशाशी ताडून पाहिला. दोन्ही ठसे सगळीकडं जुळत नव्हते. काही ठिकाणी ब्लॉकला पाण्याचं भोक मोठं आणि हेडला लहान. अशा जागी पॅकिंगचं भोक मूळ कारखान्यानं जेवढं ठेवलं होतं तेवढंच ठेवावं लागतं. पाणी कुठून किती वाहावं हे त्या भोकाच्या आकारावर ठरतं. ते मोठं केलं तर पाणी जवळच्या वाटेनं निघून जातं आणि लांबचा सिलिंडर तहानलेला राहतो.

जाडीचाही हिशेब होता. ५२ मिलिमीटरच्या सिलिंडरवर पॅकिंग १ मिलिमीटरनं जाड झालं तर भडक्याच्या जागेत दोन घन सेंटिमीटरहून थोडी जास्त भर पडते. इतक्या लहान इंजिनात ती जाणवते, कॉम्प्रेशन उतरतं. पातळ केलं तर उलट, कॉम्प्रेशन वाढतं आणि पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर कमी होतं. म्हणून जुनं पॅकिंग बोल्टच्या भोकांजवळ, जिथं ते पुरतं चेपलेलं होतं, तिथं मायक्रोमीटरनं मोजलं. हेड सपाट करताना जेवढं ॲल्युमिनियम जाणार होतं तेवढी भर त्यात घातली आणि त्या मापाचा पत्रा घेतला. सिलिंडरची भोकं लेथवर, पत्रा दोन लोखंडी पाट्यांमध्ये दाबून कापली, बोअरपेक्षा मिलिमीटरभर मोठी. तांब्याची कड आत डोकावली तर ती निखाऱ्यागत तापते आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवते. लहान भोकं पाडून झाल्यावर प्रत्येक भोकाची कड तासली, कारण कडेला नखाएवढी धार राहिली तरी हेड तेवढं उचललेलं राहतं. सगळं झाल्यावर शेवटचा ताव.

हे चालू असताना मी दुसरीकडं, गाडी मुळात का तापली ते शोधत होतो. फाटलेल्या पॅकिंगवर पाण्याच्या वाटांभोवती पांढरा जाड थर होता. रेडिएटर उतरवून पाणी सोडलं तर वरून ओतलेलं पाणी खालून थेंबाथेंबानं आलं. गुरुजींच्या घरी बोअरवेल, तेच पाणी वर्षानुवर्षं गाडीत जात होतं आणि क्षार नळ्यांत बसत होते. पंपाची गाडी असती तर पंपानं पाणी रेटलं असतं. या गाडीत पाणी फिरतं ते गरम आणि गार पाण्याच्या वजनातल्या किरकोळ फरकावर. नळ्या थोड्या चोंदल्या तरी ते थांबतं, आणि पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली तर पूर्ण थांबतं. दोष इथं होता. रेडिएटरची टाकी उकलून नळ्या सळईनं साफ करून घेतल्या, ब्लॉकच्या आतला गाळ काढला, आणि गुरुजींना पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते पाणी वापरायला सांगितलं.

हेड बसवायच्या दिवशी मी दुसरं कुठलंही काम घेतलं नाही. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ केले. स्टीलची सरळ पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या बाजूंनी ठेवून खाली फीलरची पात जाते का बघितलं. बोल्टची भोकं हवेनं कोरडी केली. बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. तांबं भडका चांगला अडवतं, पाण्याच्या बाबतीत तितकं भरवशाचं नसतं, म्हणून पाण्याच्या भोकांभोवती सीलंटचा अगदी पातळ हात दिला. पुशरॉड ज्या जागेचे त्याच जागी गेले. त्यासाठी ते पुठ्ठ्यात नंबर घालून खोचून ठेवले होते. मग आवळणी. मधून सुरुवात, गोल फिरत बाहेर, आणि एका दमात नाही, तीन टप्प्यांत. टॅक्सीच्या गॅरेजात मनगटाच्या अंदाजावर बोल्ट आवळायचे. त्या दिवसापासून टॉर्क रेंचशिवाय मी एकही हेड आवळलेलं नाही. मनगट सकाळी वेगळं असतं आणि संध्याकाळी वेगळं, हे मान्य करायला काही हरकत नसते.

गाडी सुरू झाली. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. गरम होऊ दिली, रात्रभर थंड होऊ दिली, सकाळी बोल्ट त्याच क्रमानं पुन्हा तपासले. तांबं दबून जागा धरतं, त्यामुळे पहिल्या तापण्यानंतर बोल्ट थोडे ढिले पडतातच. ते आवळले की टॅपेटचं अंतर बदलतं, ते पुन्हा लावलं. थोडं चालवून झाल्यावर आणखी एकदा. मग गुरुजी स्वतः गाडी घेऊन घाट चढले आणि पाचगणीला टेबल लँडवर जाऊन आले. ते पॅकिंग पुढं कितीतरी वर्षं टिकलं.

त्या कामाचे पैसे किती घ्यायचे हे मला समजत नव्हतं. पॅकिंगला लागलेलं तांबं काही रुपयांचं. पुणे-मुंबईच्या खेपा, माप घेण्यात गेलेले दिवस, तांबट आळीत बसून काढलेली दुपार, याचं बिल कसं करणार? जुन्या गाडीच्या कामात हे दुखणं कायमचं आहे. शोधण्याचे आणि विचार करण्याचे पैसे द्यायची गिऱ्हाइकाला सवय नाही आणि मागायची मिस्त्रीला नाही. अनेक चांगली गॅरेजं यापायी बंद पडली. आता मी काम घ्यायच्या आधीच सांगतो: सामानाचे इतके, हाताचे इतके, शोधण्याचे वेगळे. शिवाय हाती घडवलेल्या पॅकिंगची मी हमी देत नाही, आणि हेही आधीच सांगतो. ऐकून घेणारा माणूस असला तर पुढचं काम सुखाचं होतं.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जुन्या काळची पॅकिंगं म्हणजे तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांच्या मधे ॲस्बेस्टॉस. ती खरवडताना जी पांढरट पूड उडायची ती आम्ही कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवून द्यायचो आणि तिथंच बसून जेवायचो. ती फुप्फुसात गेली की वीस-तीस वर्षांनी दुखणं काढते, कर्करोगसुद्धा होतो, हे तेव्हा गॅरेजात कुणी सांगितलं नव्हतं. आज जुनी गाडी उघडणाऱ्या प्रत्येक पोराला मी बजावतो: जुनं पॅकिंग ओलं करून काढायचं, हवा मारायची नाही, तोंडाला मास्क लावायचा आणि तो कचरा पिशवीत बांधून वेगळा ठेवायचा.

पुढं काळ बदलला. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाही. लोकांना हळहळ वाटली, मलाही वाटली. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसत होती. हौसेखातर जपलेल्या फियाटींना जे सामान मिळत होतं ते टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. रोज धावणाऱ्या गाड्या होत्या म्हणून पॅकिंगं छापली जात होती, दुकानं चालत होती. टॅक्सी गेल्या की खिळ्यावरचा माल हळूहळू संपणार. टोपोलिनोवर जी वेळ आली ती उद्या पद्मिनीवर येणार आहे.

म्हणून मी एक काम करत आलोय. जे हेड उघडतो त्याच्या पॅकिंगचा ठसा जाड कागदावर काढून ठेवतो. गाडीचं मॉडेल, बोअर, चेपलेली जाडी, प्रत्येक भोकाचं माप, सगळं त्यावरच लिहितो. कुणी मागितला तर नक्कल करून देतो, पैसे घेत नाही. आता भोसरीला लेझरवर तांब्याचा किंवा स्टीलचा पत्रा अर्ध्या तासात कापून मिळतो, माझा भाचा त्या ठशांवरून संगणकावर आकृत्या करून देतो. परदेशातून काही गाड्यांची पॅकिंगं कुरिअरनं येतात. हे सगळं चांगलंच आहे. पण मशीनला माप द्यावं लागतं, आणि माप चुकलं तर लेझर ती चूक अगदी तंतोतंत कापून देतो. पॅकिंग कितीही सुंदर असलं तरी वाकलेल्या हेडखाली आणि चोंदलेल्या रेडिएटरपुढं ते टिकत नाही, मग ते इटलीहून आलेलं असो की कसबा पेठेतून.

टंचाईचं कौतुक करायचं नाही मला. पॅकिंग मिळत नाही म्हणून चांगल्या गाड्या भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्याचं दुःख आहे. पण दुसरी संधी नाही हे पक्कं ठाऊक असलं की माणूस मोजतो, विचारतो, थांबतो. माझी इच्छा एवढीच की पॅकिंग खिळ्याला लटकत असतानाही त्याच रीतीनं काम व्हावं. मी माझ्याकडच्या मुलांना ढीगभर पॅकिंगं समोर असली तरी एकच काढून देतो.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर माझं एवढं ऐका. तिचं हेड कधी उघडलं तर जुनं पॅकिंग मिस्त्रीकडून मागून घ्या, ते कितीही जळकं-फाटकं असो. पिशवीत बंद करून सपाट ठेवा आणि वर गाडीचं नाव आणि तारीख लिहा. आणि गाडी कशानं तापली हे मिस्त्रीनं तुम्हाला दाखवल्याशिवाय नवं बसवू देऊ नका.